जिनातलं घर

आम्ही जिनात राहायला गेलो त्या वर्षी आमच्याकडं पहिले पाहुणे आले ते कापसाच्या गाड्या घेऊन. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. आई अंगणात शेण कालवत बसली होती. फाटकातून एक भरलेली गाडी आत आली, तिच्या मागं दुसरी, तिच्याही मागं आणखी एक. पुढच्या गाडीवानानं बैल सोडले, आमच्या लिंबाला बांधले आणि आईला विचारलं, "काटा कुठं हाय बाई? माल लावायचाय."

आईनं पदर पुढं ओढला. "इथं आता मानसं ऱ्हातेत," ती म्हणाली.

गाडीवानानं वर धुराड्याकडं बघितलं, मग पत्र्याकडं, मग दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्याकडं. "जिनात?"

"हा, जिनात."

"कावून?"

या प्रश्नाचं उत्तर आईला जन्मभर देता आलं नाही. मलाही नीट येत नाही. पण लोक अजून विचारतात, म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

जीन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. आमचं गाव सिरसाळ्याच्या वाटेवरचं. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, तेव्हा कापसाला बरे दिवस होते, म्हणून आजोबांनी परगावच्या एका शेठच्या भागीत गावाबाहेर माळावर हे जीन उभं केलं. दगडी भिंती, वर पत्रा, आत यंत्रांची रांग, आणि एका टोकाला इंजनाची खोली नि तिच्यावर धुराडं. पुढं शेठचं मन रेल्वेच्या गावाकडं ओढलं. त्यानं यंत्रं उचलली, इंजन उचललं आणि तो गेला. भिंती तेवढ्या राहिल्या. आजोबांनी त्याचा इतका घोर लावून घेतला की ते फार दिवस काढू शकले नाहीत. ते गेले आणि दोघा भावांची वाटणी झाली.

दादा म्हणजे माझे थोरले चुलते. आबा, म्हणजे माझे वडील, त्यांना दादा म्हणायचे म्हणून आम्ही पोरीही दादाच म्हणायचो. आमच्याकडं वाटणीची रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरल्याला लबाडी करायला जागा राहत नाही. रीत शहाणपणाची आहे. पण ती घालणाऱ्यांना दोन भाऊ एकमेकांची इतकी भीड धरतील हे सुचलं नसावं.

दादांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी जमीन सारखी केली, मग एका वाट्यात गावातलं राहतं घर टाकलं आणि दुसऱ्यात जीन. त्यांच्या मनात असं, की धाकट्याला दोन पोरी आहेत, तो घर उचलेल, आपण नवराबायको जिनाच्या एखाद्या कोपऱ्यात दिवस काढू. आबांच्या मनात असं, की थोरल्या भावाला राहत्या घरातून कसं उठवायचं. बोललं कुणीच नाही. पंचांनी दोन विडे मांडले, एक घराचा, एक जिनाचा. आबा वाकले आणि त्यांनी जिनाचा विडा उचलला. दादांचं तोंड उतरलं. "आरं, आरं," इतकंच ते म्हणाले. पण उचललेला वाटा परत ठेवत नाहीत. पंच उठले, पानं खाऊन घरी गेले.

आई तेव्हा आत भाकरी थापत होती. तिला हे कळलं ते आबा जेवायला बसल्यावर.

"तुमी कावून उचलला त्यो वाटा? मला इचारायचं तरी."

"इचारून काय व्हनार हुतं? दादाला भाएर काढू का मी?"

"आन मला?"

आबांनी ताटाकडं बघत भाकरी कुस्करली. ते माणूस म्हणून देवमाणूस होते, सगळं गाव म्हणतं, मीही म्हणते. पण देवमाणसाच्या बायकोचे हाल कुणी विचारत नाही. दोघा भल्या भावांनी एकमेकांवरच्या मायेपायी माझ्या आईचं घर घालवलं, आणि मला अजून कळत नाही की यात रागवायचं कुणावर. मी आपली दोघांवरही रागावते.

माझी थोरली बहीण अक्का तेव्हा लग्नाला आलेली होती. माझ्याहून बरीच मोठी, उंच, कमी बोलणारी. जिनात सामान उतरवलं त्या दिवशी आईनं मोठ्या दाराकडं बघितलं. त्या दारातून भरलेली गाडी बैलांसकट आत जायची. ती अक्काला जवळ घेऊन म्हणाली, "हे घर झालं पायजे. तुला मी माझ्याच दारातून सासरी लावीन. दुसऱ्याच्या अंगनात मांडव घालायचा न्हाई." पुढं जे काही केलं ते एवढ्यासाठी केलं. भिंत लिंपली तरी यासाठी, आणि चूल मांडली तरी यासाठी.

पण कारखान्याचं घर करायचं म्हणजे काय, हे आम्हाला कुठं ठाऊक होतं! मोठं दार दगडमातीनं बुजवून मध्ये माणसापुरतं दार ठेवलं, ते जमलं. खोल्या पाडायला तुराट्यांचे कुड उभे केले आणि मातीनं लिंपले. पण पत्रा इतका उंच, की कुड तिथवर नेणार कोण? ते डोक्याच्या थोडे वर जाऊन थांबले. त्यामुळं खोल्या दिसायला वेगळ्या, पण वरनं सगळं एकच. आबा ओसरीत खोकले की स्वयंपाकघरात ऐकू यायचं. आई आत पुटपुटली की बाहेर बसलेल्या पाहुण्याला कळायचं. नवराबायकोला भांडायची सोय राहिली नव्हती. कदाचित म्हणूनच ते दोघं भांडायचे थांबले असतील.

वर आढ्याला वर्षानुवर्षांची रुई चिकटली होती. वारा सुटला की ती खाली यायची. दुधात रुई, कालवणात रुई, आबांच्या मिशीत रुई. आईनं ती झाडून झाडून गोळा केली आणि तिची एक गोधडी भरली, तरी ती संपेना. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की दुपारी आत थांबवत नसे. मग आम्ही सगळे लिंबाखाली जाऊन बसायचो, आणि रस्त्यानं जाणारी माणसं म्हणायची, "जिनातली मानसं भाएर बसलीत." आम्ही कितीही लिंपलं, सारवलं तरी आम्ही जिनातलेच. विहिरीवर बायका मला 'जिनातली धाकली' म्हणायच्या. मला माझं नाव असून ते कुणाच्या तोंडात नव्हतं.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. इंजनाच्या खोलीची उघडी बाजू कुडानं बंद करून आईनं तिथं स्वयंपाकघर केलं, कारण तिथं धुराडं होतं. उंच ओट्यावर चूल घातली आणि पहिल्याच दिवशी धूर सरळ वर निघून गेला. आई चुलीपुढं बसली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. गावातल्या बायका हे बघायला आल्या. "लई भाग्याची हायेस," एकीनं म्हटलं. आईला ते खरं वाटलं. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

पण जमीन ऐकेना. इंजनाच्या खोलीतली जमीन काळी कुळकुळीत होती. बरीच वर्षं त्या इंजनाला आणि दांड्यांना वंगण म्हणून चरबी लावत. मुंबईहून ती पिंपांतून यायची. ती गळून गळून मातीत मुरली होती. आईनं सारवलं की सकाळी सारवण छान दिसायचं आणि दुपारपर्यंत त्याचे पापुद्रे निघायचे. पुन्हा सारवायचं, पुन्हा पापुद्रे. त्या जमिनीपुढं आईनं हात टेकले होते. सारवण धरत नाही त्या जमिनीवर देव कसे मांडायचे, पंगत कशी बसवायची? शेवटी अक्का आणि आई ओढ्याकाठची पांढरी माती पाट्या पाट्या वाहून आणू लागल्या. सगळा हिवाळा आणली. काळ्या जमिनीवर वीतभर थर घातला, पाणी शिंपडलं, धुम्मसानं ठोकला, आणि वरनं सारवलं. त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत कुणीच आत पाऊल टाकलं नाही. दुपारी आई दबकत गेली, बोटानं जमीन खरवडून बघितली. सारवण जागचं हललं नव्हतं. आई तिथंच मधोमध बसली आणि भरदुपारी तिनं रांगोळी काढली. अक्का हसत होती. ती हसते कशी हे मी विसरले होते.

त्याच चैत्रात पाटोद्याकडच्या एका घरातून अक्कासाठी विचारणा आली. त्यांनी तिला सिरसाळ्याच्या एका लग्नात बघितलं होतं आणि मुलगी त्यांच्या मनात भरली होती. घर चांगलं, विहिरीला पाणी, मुलगा थोडा उर्दू शिकलेला. आमच्याकडं मटणमच्छी शिजत नसे, आणि ते लोक तर आमच्याहून कडक. कांदासुद्धा वार बघून खाणारे. सुपारी फोडायला त्यांची माणसं येणार, जेवणं झाल्यावर सुपारी फुटणार, असं ठरलं. सुपारी फुटली की लग्न पक्कं.

दादा आले आणि आबांना म्हणाले, "पावने आपल्या गावातल्या घरी बसवू की. मोकळं अंगन हाय."

आबा नेहमीप्रमाणं हो म्हणणार होते. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण कुडाच्या आडून बांगड्या वाजल्या, आणि आबांनी उघडलेलं तोंड मिटलं. मग म्हणाले, "न्हाई दादा, हितंच करू. पोरीचं घर हे हाय." उभ्या जन्मात आबांनी दादांना दिलेला तो पहिला नकार. दादांना राग आला नाही. ते म्हणाले, "मंग चर मी खांदीन."

मोठा स्वयंपाक चुलीवर होत नाही. त्यासाठी जमिनीत लांब चर खणायचा, त्यात लाकडं लावायची आणि वर ओळीनं हंडे ठेवायचे. हे काम भावबंदांतल्या पुरुषांचं, आणि पहिली कुदळ घरातल्या थोरल्यानं मारायची. एरवी चर अंगणात खणतात. पण चैत्राचं वारं सुटलं होतं, माळावरची सगळी धूळ उडत होती. "आतच खांदा," आईनं सांगून पाठवलं. "धुराडं हाय, धूर वर जाईल." तिला तिचं स्वयंपाकघर पाहुण्यांना दाखवायचं होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं.

चराला हळदकुंकू वाहिलं. दादांनी पहिली कुदळ मारली, मग इतरांनी घेतली. चर वीतभर खणून भागत नाही. आईनं घातलेली पांढरी माती फोडून कुदळी खालच्या काळ्या जमिनीत गेल्या. निघालेली ढेकळं चकाकत होती. कुणीतरी म्हणालं, "माती लई तेलकट हाय बे," आणि बाकीचे हसले. ढेकळं बाहेर नेऊन टाकली. आईची चूल उंच ओट्यावर होती आणि तिचा जाळ खाली कधी पोचला नव्हता, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. कसं येणार? चर खणताना खालची माती काय आहे हे आमच्या सात पिढ्यांत कुणी विचारलं नव्हतं. विचारायची वेळच आली नव्हती.

पहाटेपासून चर पेटला. आमटी झाली, भात झाला, पुरणाचा हंडा उतरला. गाड्या आल्या. पाहुण्यांत सगळ्यांत वडील होते मुलाचे आजोबा. पांढरा फेटा, हातात काठी, बोलणं अगदी हळू. त्यांनी बुजवलेलं दार बघितलं, कुड बघितले, आणि आबांना म्हणाले, "लई मेहनत केलीय तुमी." कुडाच्या आत आईनं ते ऐकलं आणि माझा हात घट्ट दाबला.

पंगत बसली. पानं वाढली. त्याच सुमाराला वास सुटला.

आधी मला वाटलं, तूप जळलं. मग तो वास बदलला. आमच्या घरात असला वास कधी आला नव्हता, पण तो कशाचा हे कुणाला सांगावं लागलं नाही. मी आत धावले. चराच्या दोन्ही कडांमधून पिवळं पिवळं पाझरत होतं आणि जाळ त्या कडांवरून सरपटत होता. इतक्या वर्षांची चरबी तापून वितळली होती. आईनं हंडाभर पाणी ओतलं. चरचर आवाज झाला आणि असा धूर उठला की धुराड्याला तो ओढवेना. धूर कुडांवरून पलीकडं गेला, सरळ पंगतीवर. ते कुड आम्ही पत्र्यापर्यंत नेले नव्हते ना.

कुडाच्या फटीतून मी बघत होते. मुलाच्या आजोबांनी पहिला घास उचलला होता. तो त्यांनी पानावर परत ठेवला. "आत काय शिजायलंय?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही.

आबा हात जोडून पुढं आले. "शिजत न्हाई काई. त्या जाग्याला इंजन हुतं. त्याची जुनी चरबी हाय, मातीत मुरलेली. जाळानं तापली."

"चरबी कशाची?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, एरंडेल आहे, सरकीचं तेल आहे. दादा मागं उभे होते, त्यांचे ओठ हललेही. पण आबांना खोटं बोलता येत नव्हतं. त्यांनी सगळ्यांकडं बघितलं आणि म्हणाले, "मुंबईवरून यायची. कशाची ते मला ठावं न्हाई."

मी आजही कधी कधी मनात त्यांच्या तोंडावर हात ठेवते. म्हणते, आबा, एवढं एक वाक्य गिळा. पण ते बोलून झालेलं असतं.

म्हाताऱ्यानं पानाला हात जोडले. "अन्नाला नाव ठेवत न्हाई मी," तो म्हणाला आणि उठला. त्याच्या मागं सगळी पंगत उठली. कुणी भांडलं नाही, कुणी आदळआपट केली नाही. त्यांनी तसं केलं असतं तर बरं झालं असतं, निदान आम्हाला उलटून बोलता आलं असतं. पाणीसुद्धा न पिता ती माणसं गाड्यांकडं गेली. दादा सुपारीचं ताट घेऊन त्यांच्या मागं मागं रस्त्यापर्यंत गेले. गाड्या वळल्या, धूळ बसली, तरी ते ताट घेऊन तिथंच उभे होते. त्यांना बोलवायला कुणी जाईना, म्हणून शेवटी मी गेले.

आमच्या भावबंदांनीही पानाला हात लावला नाही. कुणाचं पोट दुखत होतं, कुणाला गुरं सोडायची होती. दुपारी आमचा नेहमीचा बागवान आला. बीडकडून फळं विकत यायचा, आणि जीन चालू होतं तेव्हापासून आमच्या लिंबाखाली पाटी उतरवून बसायचा. आईला भाभी म्हणायचा. जेवणाच्या वेळी आला तर आई त्याला भाकरी दिल्याशिवाय सोडत नसे. त्या दिवशी आईनं त्याच्यासाठी पान वाढून बाहेर पाठवलं. आबांनी आधी त्याला सगळं सांगितलं, सांगितल्याशिवाय त्यांना राहवलं नसतं. बागवानानं पान हळूच बाजूला सारलं; चरबी डुकराचीही असेल, हे त्याच्या मनात आलं असावं. मग म्हणाला, "मला भूक न्हाई, भाईजान. भाभीला म्हनाव, माफ करो." त्यानं पाटीतले चांगले चांगले आंबे निवडून माझ्या ओच्यात टाकले आणि ऊन उतरायची वाट न बघता तो निघून गेला. तोवर आई रडली नव्हती. आंबे बघून रडली.

पुरण बैलांनी खाल्लं.

नंतर आईनं ती जमीन खणायला घेतली. चरबी जिथवर मुरली होती तिथवर माती काढायची असं तिनं ठरवलं होतं. कंबरेइतकं खणलं तरी माती काळीच. भिंतीचे पायाचे दगड उघडे पडायला लागले, तेव्हा आबांनी तिच्या हातातून कुदळ घेतली. मग तो खड्डा मुरुमानं भरला. चूल बाहेर छपरात नेली. आई पुन्हा धुरात बसून डोळे पुसू लागली.

पण आता जमिनीचा प्रश्नच राहिला नव्हता. जिनात चरबी शिजते, ही गोष्ट आमच्या आधी सगळीकडं पोचली होती. सिरसाळ्याच्या बाजारात आबांना लोक विचारायचे. जिथं जिथं अक्काचं स्थळ काढावं, तिथून सावकाश, गोड बोलून नाही यायचं. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. तेव्हा पोरींची लग्नं लवकर व्हायची. अक्काच्या बरोबरीच्या पोरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायला लागल्या आणि अक्का पाणी भरायला वेळ टाळून जायला लागली. आबांनी तर बोलणंच सोडलं. लिंबाखाली बसून ते दोऱ्या वळायचे. इतक्या दोऱ्यांचं काय करायचं, असं विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

मग दादा आले. ते आत आले नाहीत, लिंबाखालीच बसले. बराच वेळ पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "चकलांब्याकडं एक स्थळ हाय. मुलगा बिजवर हाय, पर चांगला. लांबची मानसं हायेत, हिकडचं काई ठावं न्हाई त्यास्नी." खाली बघत म्हणाले, "पोरगी माजी म्हनून देऊ. माज्या दारात मांडव घालू. कन्यादान आमी दोगं करू. जिनाचं नाव निगायला नको."

आबांच्या हातातली दोरी थांबली. थोरल्यानं कन्यादान करणं आमच्यात नवं नव्हतं, त्यात मानच होता. पण हे ते नव्हतं, आणि दोघांनाही ते कळत होतं. दादांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्याकडं बघून मला वाटलं, हा माणूस लाजतोय, आणि लाजत असूनही आतून कुठंतरी त्याला बरं वाटतंय. त्यांना मूल नव्हतं. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? पण मला त्यांचा त्या वेळी भयंकर राग आला.

आई थोरल्या दिरापुढं कधी बोलत नसे. त्या दिवशी ती दाराआडून बोलली. "तुमचीच हाय ती, भाऊजी." असं तर आपण नेहमीच म्हणतो. कुणी पोरीचं कौतुक केलं की म्हणतो. दादांनी मान हलवली आणि उठले.

अक्काला कुणी विचारलं नाही. तिचे कपडे एका बोचक्यात बांधून तिला गावातल्या घरी पोचवलं, लग्नाआधी काही महिने, म्हणजे सवय होईल. थोरल्या चुलतीला 'माय' म्हणायचं होतं. थोरली चुलती मायाळू बाई होती, तिनं अक्काला नवं लुगडं घेतलं, डोक्याला तेल घातलं. मी भेटायला गेले की अक्का मला मागच्या दारी घेऊन जायची आणि एकच विचारायची, "माय काय करायलीय?" मी सांगायची, दळायलीय, धुयायलीय. आईचा चेहरा कसा दिसतो ते मी सांगत नव्हते, आणि ती विचारत नव्हती.

लग्नाच्या दिवशी आम्ही नटून पाहुण्यांसारखे गेलो. आबांना दादांनी सारखं पुढं बोलावलं, पण ते मांडवाच्या मागच्या खांबाला टेकून उभे राहिले. आई बायकांत बसली. दादा आणि थोरली चुलती पाटावर बसले, त्यांनी अक्काचा हात त्या माणसाच्या हातात दिला, पाणी सोडलं. आई टक लावून त्या हातांकडं बघत होती.

वराकडची एक बाई, बहुतेक त्याची मावशी, सगळ्यांना हळदकुंकू लावत आमच्यापाशी आली. आईचं आणि अक्काचं नाकडोळ्यांत इतकं साम्य होतं की आंधळ्यालाही दिसावं. ती बाई आईच्या तोंडाकडं बघतच राहिली. हसून म्हणाली, "तुमी कोन बाई, पोरीच्या?"

मी आईचा पदर धरला होता. आईनं कुंकवाला कपाळ पुढं केलं, कुंकू लावून घेतलं. मग म्हणाली, "चुलती. धाकली चुलती."

"आस्सं व्हय," ती बाई म्हणाली आणि पुढच्या बाईकडं गेली.

पाठवणीची वेळ झाली. अक्का एकेकीच्या गळ्यात पडत चालली. आधी थोरल्या चुलतीच्या पडली. सगळं वऱ्हाड बघत होतं, आणि ती ओक्साबोक्शी रडली, 'माय, माय' करून रडली. चार बायकांनी धरून तिला सोडवलं. मग ती आमच्या आईपाशी आली. मला वाटलं आता हिचा बांध फुटणार, आता सगळ्यांना कळणार. पण तिनं आईच्या गळ्यात हात टाकले, धाकट्या चुलतीच्या गळ्यात जितकं रडावं तितकंच रडली, आणि डोळे पुसून पुढच्या बाईकडं वळली. आईनं तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला होता. तो हात तसाच पुढं राहिला होता, तो मी धरून खाली घेतला.